विश्लेषण : पॉवर स्टिअरिंग बंद पडले, म्हणजे स्टिअरिंग ‘लॉक’ झाले का?

घाटातले वळण समोर आले आहे किंवा पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढायची आहे. नेमके तेव्हाच इंजिन बंद पडते आणि हातातले स्टिअरिंग एकदम दगडासारखे जड होते. ‘स्टिअरिंग लॉक झालं’ अशी अनेकांची पहिली प्रतिक्रिया असते. काही जण हात सोडतात, काही जण गडबडीत किल्ली उलट फिरवतात. प्रत्यक्षात अशा वेळी स्टिअरिंग लॉक झालेले नसते. ते फक्त जड झालेले असते आणि गाडी वळवता येते. हा फरक चालकाला आधीपासून ठाऊक असला, तर पुढचे काही सेकंद निभावून नेता येतात. पॉवर स्टिअरिंगशिवाय गाडी कशी चालते, ती किती जड लागते आणि प्रसंग आलाच तर काय करायचे, याविषयी…

पॉवर स्टिअरिंग नेमके करते काय?

स्टिअरिंगच्या मागे एक लोखंडी दांडा असतो. त्याच्या टोकाला छोटे दातेरी चाक असते. हे चाक एका आडव्या दातेरी पट्टीला डावी-उजवीकडे सरकवते आणि त्या पट्टीला जोडलेले दांडे पुढची दोन्ही चाके वळवतात. ही सारी जोडणी लोखंडाची आहे. त्यासाठी वीज लागत नाही, तेल लागत नाही की इंजिन सुरू असण्याची गरजही नसते.

पॉवर स्टिअरिंग या जोडणीची जागा घेत नाही. ते फक्त तिला हातभार लावते. जुन्या पद्धतीत इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाचा दाब तयार करतो आणि तो दाब पट्टी सरकवायला मदत करतो. नव्या बहुतेक मोटारींमध्ये हेच काम विजेवरची छोटी मोटर करते. चालक किती जोर लावतो आहे हे एक सेन्सर मोजतो आणि त्या प्रमाणात मोटर मदत करते.

ही कल्पना जुनी आहे. पिअर्स-अ‍ॅरो या अमेरिकी कंपनीत ट्रक विभागात काम केलेले अभियंता फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ मध्ये तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग प्रत्यक्ष गाडीवर करून दाखवले. सर्वसामान्य ग्राहकाच्या मोटारीत ते यायला मात्र १९५१ साल उजाडले. क्रायस्लरच्या ‘इम्पीरिअल’मध्ये ते पहिल्यांदा मिळाले. विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग १९८८ मध्ये सुझुकीच्या ‘सर्व्हो’ या छोट्या गाडीत आले.

मदत बंद पडली तर उरते काय?

लोखंडी जोडणी उरते. म्हणजेच स्टिअरिंग फिरवले की चाके वळतातच, फक्त सगळा जोर आपला लागतो.

हा जोर किती असावा, यालाही मर्यादा घालून दिलेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीत ७९ क्रमांकाचा नियम स्टिअरिंगसाठी आहे. युरोप आणि जपानसह अनेक देश तो मानतात. त्यातील चाचणीत प्रवासी मोटार ताशी १० किलोमीटर वेगाने सरळ जात असताना चार सेकंदांत वळवायची असते. सगळे सुरळीत असताना १२ मीटर त्रिज्येच्या वळणासाठी १५० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण १५ किलो वजन उचलायला लागतो त्यापेक्षा जास्त जोर लागता कामा नये. पॉवर स्टिअरिंग बंद असताना २० मीटर त्रिज्येच्या वळणासाठी ही मर्यादा ३०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३० किलो आहे.

थोडक्यात, मदत बंद पडल्यावरही गाडी माणसाच्या ताकदीने वळलीच पाहिजे, हे नियमातच गृहीत धरलेले आहे. पण ३० किलो म्हणजे तांदळाचे एक मोठे पोते. इतका जोर लावावा लागेल याची कल्पना नसेल, तर स्टिअरिंग अडकले असेच कुणालाही वाटेल.

‘लॉक’ आणि ‘जड’ यांत फरक काय?

स्टिअरिंग लॉक ही चोरीपासून बचावाची वेगळी सोय आहे. किल्लीच्या गाडीत किल्ली ‘लॉक’ या खुणेपर्यंत फिरवून बाहेर काढली, की स्टिअरिंगच्या दांड्यात एक खिळ बसते. मग स्टिअरिंग थोडे हलते आणि ‘खट्’ आवाज होऊन अडकते. पार्किंगमध्ये कधी किल्ली फिरत नाही आणि स्टिअरिंगही हलत नाही, हा अनुभव अनेकांना असतो. तो या खिळीचाच परिणाम. स्टिअरिंग किंचित हलवत किल्ली फिरवली की ती सुटते.

पॉवर स्टिअरिंग बंद पडते तेव्हा अशी कुठलीही खिळ बसत नाही. जोर लावला की स्टिअरिंग फिरते. धोका वेगळाच आहे. घाबरलेल्या चालकाने धावत्या गाडीची किल्ली काढून घेतली, तर मात्र ही खिळ खरोखर बसू शकते. म्हणजे जे झालेले नव्हते, ते चालक स्वतःच्या हाताने घडवून आणतो. म्हणून पहिला नियम असा की गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढायची नाही. बटणाच्या गाडीत हा प्रकार सहसा होत नाही, तरीही धावत्या गाडीत ते बटण उगाच दाबू नये.

पूर्वीच्या गाड्या कशा चालत होत्या?

आपल्याकडच्या कित्येक पिढ्या पॉवर स्टिअरिंगशिवायच गाडी शिकल्या. मुंबईची काळी-पिवळी ‘पद्मिनी’ टॅक्सी, जुन्या अ‍ॅम्बॅसिडर, १९८३ मध्ये आलेली मारुती ८००, जुन्या एसटी बस, सगळीकडे चालकाच्या दंडाचाच आधार होता. ‘पद्मिनी’ टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तोवर तिचे चालक रोज गर्दीतून, अरुंद गल्ल्यांतून ती वळवत होते. अगदी अलीकडेपर्यंत काही छोट्या मोटारींच्या सर्वांत स्वस्त प्रकारांतही पॉवर स्टिअरिंग नसायचे.

या चालकांच्या काही सवयी असत. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवायचे नाही, गाडी तसूभर का होईना सरकती ठेवायची आणि मग वळवायची. वळण येण्याआधीच वेग कमी करून थोडे लवकर वळायला लागायचे. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचे आणि अंगठे आत अडकवायचे नाहीत, कारण चाक खड्ड्यात आपटले की स्टिअरिंग उलटे झटका देते. या सवयी आज मोडीत निघाल्या आहेत. एका तळहाताने स्टिअरिंग गरागरा फिरवत पार्किंग करणाऱ्या पिढीला त्या शिकाव्याच लागलेल्या नाहीत.

मग आजची गाडी जुन्या गाडीपेक्षाही जड का लागते?

‘मी मारुती ८०० वर शिकलोय, मला काय त्याचं,’ असे म्हणणाऱ्यांचीही इथे फसगत होते. पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी आणि पॉवर स्टिअरिंग बंद पडलेली गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मारुती ८०० चे वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास होते आणि टायर जेमतेम १४५ मिलिमीटर रुंद. आजच्या छोट्या एसयूव्हीचे वजन अकराशे ते तेराशे किलो असते आणि टायर २०० मिलिमीटरहून रुंद. पुढच्या चाकांवरचा भार आणि रस्त्याला टेकणारे रबर, दोन्ही वाढले आहेत.

दुसरे कारण दात्यांच्या गणितात आहे. हाताने वळवायच्या गाडीत स्टिअरिंग जास्त वेळा फिरवावे लागे, पण प्रत्येक वेळी जोर कमी लागे.  पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत मोटर मदतीला असल्याने कमी फेऱ्यांत चाके पूर्ण वळतील अशी रचना करतात. मदत गेली की त्या कमी फेऱ्यांचा सगळा भार हातावर येतो.

तिसरे कारण म्हणजे बंद पडलेली यंत्रणा स्वतःच ओझे होते. विजेची मोटर बंद असली तरी तिचे दाते आपल्या जोरावर फिरवावे लागतात. तेलाच्या पद्धतीत नळ्यांतले तेल आपणच ढकलत असतो.

महामार्गावर जाणवत नाही, वळताना का जाणवते?

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना टायरचा तळहाताएवढा भाग रस्त्यावर अक्षरशः घासला जातो. चाक फिरू लागले, की घासण्याऐवजी ते गडगडत दिशा बदलते आणि जोर झपाट्याने कमी लागतो. म्हणूनच पॉवर स्टिअरिंग सर्वांत जास्त मदत पार्किंगच्या वेळी करते आणि वेग वाढेल तशी मदत कमी करते.

याचा एक फसवा परिणाम होतो. ताशी ८० किलोमीटरने सरळ जाताना पॉवर स्टिअरिंग बंद पडले, तर अनेकदा पटकन कळतही नाही. कळते ते महामार्ग सोडून उतारावर वळताना, गोल चौकात किंवा घाटाच्या पहिल्या आखूड वळणावर. म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा वळण्यासाठी जागा आणि वेळ दोन्ही कमी असतात. डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या चित्रासोबत उद्गारचिन्हाचा दिवा लागला, तर ‘गाडी तर नीट चालतेय’ म्हणून दुर्लक्ष करू नये, ते यासाठीच.

इंजिनच बंद पडले तर आणखी काय जाते?

फक्त पॉवर स्टिअरिंगचा बिघाड असेल, तर ब्रेक नेहमीसारखे लागतात. पण चालत्या गाडीत इंजिन बंद पडले, तर ब्रेकला मदत करणारा बूस्टरही नव्याने भरत नाही. त्यात साठलेल्या निर्वातावर ब्रेक दोन-तीन वेळा नेहमीसारखा लागतो, नंतर पेडल कडक होते. ब्रेक तेव्हाही लागतो, पण पाय जोरात रोवावा लागतो. म्हणून इंजिन बंद असताना ब्रेक पुन्हा पुन्हा ‘पंप’ करू नये. एकदाच घट्ट दाबून धरून ठेवावा.

‘गाडी वळते आणि थांबते, मग काळजी कसली,’ हा विचार किती महाग पडू शकतो, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्ट आणि इतर काही मोटारींमध्ये किल्लीचा स्विच इतका सैल होता, की जड जुडगा किंवा खड्ड्याचा धक्का यामुळे तो धावत्या गाडीत आपोआप मागे सरके. इंजिन बंद पडे, पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत जाई. गाडी तरीही वळवता येते, या समजुतीने कंपनीत वर्षानुवर्षे हा सुरक्षेचा नव्हे, तर ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न मानला गेला. पण स्विच सरकल्यावर एअरबॅगही उघडत नव्हत्या, याची सांगड वेळेत घातली गेली नाही. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावण्यात आल्या. भरपाईसाठी स्थापन केलेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले आणि पुढच्या वर्षी कंपनीने फौजदारी प्रकरण मिटवण्यासाठी ९० कोटी डॉलर भरण्याचे कबूल केले.

यातून चालकाने घ्यायचा धडा साधा आहे. स्टिअरिंग जड झाले तरी गाडी हातात आहे, हे खरे. पण तिच्यातल्या इतर संरक्षक गोष्टी तेव्हा काम करतीलच, असे नाही.

घाट उतरताना इंजिन बंद केले तर इंधन वाचते?

नाही. उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी ‘सोडून देण्याची’ सवय अजूनही दिसते. इंजेक्शन तंत्राच्या आजच्या बहुतेक मोटारींमध्ये गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की उतारावर इंधनाचा पुरवठा इंजिन स्वतःच थांबवते. चाकेच इंजिनाला फिरवत असतात. म्हणजे जे वाचवायचे ते आधीच वाचत असते.

उलट इंजिन बंद केले तर स्टिअरिंगची मदत जाते, ब्रेकची मदत जाते, गिअरमुळे मिळणारा अडसरही जातो. शिवाय एअरबॅगची शाश्वती राहत नाही. उतार, आखूड वळण, भरलेली गाडी आणि समोरून येणारा ट्रक अशा वेळी हे सगळे एकदम गमावणे म्हणजे हाताने संकट ओढवून घेणे. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही बरोबर आहे.

प्रसंग आलाच तर काय करावे?

१. स्टिअरिंग सोडू नका. दोन्ही हातांनी, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी घट्ट धरा. अंगठे बाहेर ठेवा.

२. किल्ली काढू नका. इंजिन बंद पडले असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये आणा. समोर मोकळा, सरळ रस्ता असेल तरच पुन्हा स्टार्ट करून पाहा. त्यासाठी किल्ली पुढे, सुरू करण्याच्या दिशेनेच फिरवा.

३. धोक्याचे चारही दिवे लावा. वेग हळूहळू कमी करा, पण एकदम थांबू नका. गाडी सरकती आहे तोवरच ती वळवणे सोपे आहे.

४. डावीकडे जाण्यासाठी लांबूनच वळायला लागा. एक हात ओढतो आणि दुसरा ढकलतो, अशा पद्धतीने थोडे-थोडे फिरवा. पाठ सीटला टेकलेली असू द्या, म्हणजे खांद्याचा जोर लागतो.

५. इंजिन बंद असेल तर ब्रेक एकदाच दाबून धरा. थांबल्यावर हँडब्रेक लावा आणि मगच किल्लीला हात लावा. रस्त्याच्या कडेला धोक्याचा त्रिकोण ठेवा.

ज्यांचे खांदे दुखतात किंवा ज्यांच्या हातात जोर कमी आहे, त्यांनी सीट पुढे घेऊन बसण्याची सवय लावावी. कोपर किंचित वाकलेला असेल तर ताकद जास्त लागू शकते. लांब हात करून बसणाऱ्याला ऐनवेळी जोरच लावता येत नाही.

अशी गाडी गॅरेजपर्यंत चालवावी का?

ते बिघाड कोणता, यावर अवलंबून आहे. विजेच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये कमी झालेली बॅटरी, उडालेला फ्यूज किंवा पाणी जाऊन खराब झालेली जोडणी अशी कारणे असतात. पार्किंगमध्ये बराच वेळ स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवत राहिल्यास मोटर तापूनही मदत कमी होते. गाडी थांबवून, थोड्या वेळाने पुन्हा सुरू केल्यावर मदत परत येऊ शकते. न आल्यास ओळखीच्या, कमी रहदारीच्या रस्त्याने थोडे अंतर सावकाश जाता येते. घाट आणि महामार्ग मात्र टाळावेत.

तेलाच्या पद्धतीत जास्त सावध राहावे लागते. पट्टा तुटला असेल, तर अनेक गाड्यांत त्याच पट्ट्यावर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही चालतो. बॅटरीचा दिवा लागला किंवा तापमानाचा काटा वर गेला, तर गाडी तिथेच थांबवावी. तेल गळत असेल तरीही पुढे जाऊ नये. कोरडा पंप खराब होतो आणि तापलेल्या भागावर तेल पडले तर पेट घेण्याचा धोका असतो.

स्टिअरिंग जड नव्हे, तर ढिले लागत असेल, मध्येच अडकत असेल किंवा आपोआप एका बाजूला ओढत असेल, तर बिघाड लोखंडी जोडणीत असू शकतो. ती गाडी चालवूच नये. टो करून न्यावी.

टो करतानाही एक गोष्ट विसरली जाते. दोर बांधून ओढल्या जाणाऱ्या गाडीचे इंजिन बंद असते. तिची किल्ली आत आणि ‘ऑन’ असायला हवी, नाहीतर पहिल्याच वळणावर स्टिअरिंग खरोखर लॉक होईल. तिच्यात बसणाऱ्याला स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड लागतील, हे आधीच सांगावे.

बिघाडाची चाहूल आधी लागते का?

बहुतेक वेळा लागते. स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवल्यावर कण्हल्यासारखा आवाज, सकाळी पहिल्या काही मिनिटांत जडपणा, एकाच बाजूला वळताना जास्त जोर, उभ्या गाडीखाली लालसर तेलाचे डाग आणि मध्येच लागून विझणारा दिवा या खुणा आहेत. गॅरेजला जाण्यापूर्वी पुढच्या टायरमधली हवा तपासावी. हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड लागते, आणि हा सर्वांत स्वस्त इलाज असतो.

भविष्यात लोखंडी जोडणीच राहणार नाही?

काही गाड्यांत ती आत्ताच नाही. २०१३ मध्ये इन्फिनिटीच्या ‘क्यू-५०’ मध्ये स्टिअरिंगकडून चाकांकडे फक्त विजेचा संदेश जात होता, तरी अडीअडचणीसाठी लोखंडी जोडणी राखीव ठेवली होती. २०२३ च्या अखेरीस ग्राहकांना मिळू लागलेल्या टेस्लाच्या ‘सायबरट्रक’ मध्ये तीही नाही. तिथे एक यंत्रणा बंद पडली, तर दुसरी काम करील अशी व्यवस्था असते. हाताच्या जोराचा तिथे उपयोग नाही.

आपल्या रस्त्यांवरच्या जवळजवळ सर्व मोटारींमध्ये मात्र तो लोखंडी दांडा अजून आहे. एकदा सपाट, मोकळ्या जागेत गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून पण किल्ली न काढता, स्टिअरिंग थोडे फिरवून पाहावे. चालत्या गाडीत हा प्रयोग अजिबात करू नये. उभ्या गाडीतला जडपणा हा सर्वांत जास्त असतो, धावत्या गाडीत तो याहून कमीच लागणार. तो एकदा हाताला कळला, की घाटात स्टिअरिंग अचानक जड झाले तरी ते लॉक झालेले नाही, हे हातालाच आठवेल.